चार वर्षांनी लहान असलेली आई

तिला पहिल्यांदा म्हातारी केलं तेव्हा ती अठ्ठावीस वर्षांची होती.

त्याआधी पाच चित्रपटांत ती नायिका होती. मग लग्न झालं, मुलगी झाली. दीड वर्षाने ती स्टुडिओत परतली तर निर्मात्याने तिच्यापुढे आईची भूमिका ठेवली. नायक तोच, ज्याच्या गळ्यात गळा घालून तिने दोन चित्रपट केले होते. त्याचं वय बत्तीस. तिला आधी थट्टाच वाटली. पण बाळंत झालेल्या बाईला नायिका म्हणून बघायला कोण येणार, असं निर्मात्याचं सरळ म्हणणं होतं. घरी नवरा दम्याने अंथरुणाला खिळलेला. तिने अपमान गिळला आणि हो म्हटलं.

मेकअपमन तिच्या कानशिलांवर पांढरा रंग लावत होता. शेजारच्या खुर्चीतून नायक आरशात बघत म्हणाला, "अजून लावा थोडं. बहीण वाटतेय माझी." मेकअपमनने लावलं. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण पाच मिनिटांत शॉट होता आणि त्या शॉटमध्ये तिला लेकाची दृष्ट काढल्यासारखं प्रेमाने बघायचं होतं. तिने बघितलं. इतकं छान बघितलं की तिथेच तिचं नशीब फुटलं.

पुढे ती त्याची एकूण अकरा वेळा आई झाली. त्यातल्या सात वेळा त्याच्या मांडीवर मेली. सेटवर दिवे लावणारे साठीचे काका तिला आई म्हणू लागले. घरी मुलगी रुसायची, तू सगळ्यांचीच आई कशी म्हणून. त्याच्या नायिका मात्र बदलत राहिल्या, दर वेळी आधीच्यापेक्षा कोवळ्या. शेवटची तर तिच्या मुलीच्या वर्गात शिकलेली.

अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी तिला फोन आला. त्याला जीवनगौरव पुरस्कार होता. आयोजकांची इच्छा अशी की तिने चाकाच्या खुर्चीतून रंगमंचावर यावं आणि लेकाला जवळ घ्यावं. ती रोज तीन जिने चढत-उतरत होती. येते म्हणाली, खुर्ची नको म्हणाली.

तरीही पडद्यामागे खुर्ची ठेवलेली होतीच. तिने ती पायाने बाजूला सारली आणि चालत गेली. तो दोघांच्या आधाराने उभा होता, केस काळेभोर. हात पसरून म्हणाला, "बघा, माझी आई आली!" टाळ्यांचा कडकडाट झाला. कुणीतरी तिच्या हातात माइक दिला.

"मी यांच्यापेक्षा चार वर्षांनी लहान आहे," ती म्हणाली. "अठ्ठाविसाव्या वर्षी यांनी माझे केस पांढरे करवले. यांना बाप व्हायला कुणी कधी सांगितलं का, विचारा."

लोक पोट धरून हसले. त्यांना तो विनोद वाटला.

टीव्हीवर कार्यक्रम दाखवला तेव्हा ती तिन्ही वाक्यं गायब होती. ती येते, तो मिठी मारतो, लोक डोळे पुसतात. मुलगी म्हणाली, "आई, जाऊ दे ना. या वयात कशाला डोक्याला ताप?"

"जाऊ दे, जाऊ दे करतच इथवर आले," ती म्हणाली. "कागद घे."

तिने वर्तमानपत्राला पत्र लिहवून घेतलं. अकरा चित्रपट, प्रत्येकापुढे तिचं वय, त्याचं वय, नायिकेचं वय. शिवी एकही नाही. पत्र पाचव्या पानावर छापून आलं आणि शेजारी तिचा फोटो, पांढऱ्या केसांचा, अठ्ठाविसाव्या वर्षीचा. तिने संपादकाला फोन लावला. तो ओशाळून म्हणाला की तिचा तरुणपणीचा फोटो त्यांच्याकडे नव्हताच.

"तरुणपणीचाच आहे तो, बाबा," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मग कपाट उपसून तिने नायिका असतानाचा एक फोटो काढला, पिशवीत घातला. मुलगी टॅक्सी बोलावते म्हणाली. ती चालतच वर्तमानपत्राच्या कचेरीकडे निघाली. वाटेत काय काय बोलायचं ते तिला नीट ठरवायचं होतं.

फोटो दुसऱ्या दिवशी छापला गेला. खाली नाव दुसऱ्याच नटीचं होतं.

तिने चहा अर्धा ठेवला आणि पुन्हा चपला घातल्या.