महालक्ष्म्यांच्या जेवणातली अर्धी पोळी

छातीत स्प्रिंग बसवून अकोल्याहून घरी आलो, आणि माझं हृदय सार्वजनिक झालं. पारावर, बँकेत, कृषी केंद्रात, जो भेटेल तो आधी माझ्या छातीकडे बघायचा, मग तोंडाकडे. डॉक्टरांनी मीठ कमी सांगितलं होतं, तूप-तेल बेतानं आणि गोड चाखण्यापुरतं. बायकोनं ते ऐकलं आणि लोणच्याची बरणी अशी लपवली की मला अजून जागा सापडलेली नाही.

श्रावण सरेपर्यंत मी सज्जन माणसासारखा वागलो. खरी परीक्षा सणांची असते. आमच्याकडे पोळ्यापासून दिवाळीपर्यंत आवतनं थांबत नाहीत, आणि वऱ्हाडात जेवायला बोलावणं म्हणजे पोट भरल्यावर पुढचं वाढणं. नाही म्हटलं की पोळी ताटात पडते, ताटावर हात आडवा धरला की हातावर तूप पडतं. त्यात प्रसाद असला तर बोलायलाच नको. "परसादानं कोनाले काई होत नाई," हे वाक्य त्या दोन महिन्यांत मी इतक्या जणांकडून ऐकलं की डॉक्टरांची फी परत मागावी असं वाटायला लागलं.

धाकट्या बहिणीचं सासर शेलूबाजारला. तिच्याकडे महालक्ष्म्या मोठ्या थाटात बसतात. दोन उभ्या मूर्ती, वर टांगलेला फुलोरा, सोळा भाज्या, आंबील, पुरणपोळी. तिचं लग्न झाल्यापासून मी त्या जेवणाला एकदाही चुकलो नव्हतो. मागच्या वर्षी बायको म्हणाली, "जाऊ, पण मी तुमच्या ताटाजवळ बसीन."

आम्ही पोचलो तेव्हा बहीण सोवळ्यात चुलीपुढे होती. पहाटेपासून तोंडात पाण्याचा थेंब नाही, कारण नैवेद्य झाल्याशिवाय रांधणारीनं काही घ्यायचं नाही अशी त्या घरची रीत. मला बघून हसली. "दादा, तुह्यासाठी बिनतुपाच्या पोळ्या येगळ्या केल्या. भाजीतबी मीठ कमीच हाय." बोलताना ती सारखी जबडा चोळत होती. मी विचारलं तर म्हणाली, "दाढ ठनकून राह्यली सकाळपासून. होईल बरी."

मी बरं म्हणून बाहेर येऊन बसलो. ओसरीवर सगळे माझ्याच पथ्याच्या चर्चेत होते. जावईबापू, म्हणजे बहिणीचा नवरा, मला लसणाचे गुण सांगत होते, त्यांच्या शेजारचे अर्जुनाच्या सालीचा काढा. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो असा.

दुपारी आरती सुरू झाली. निम्म्यात बहीण भिंतीला टेकून खाली बसली. डोळे मिटलेले, श्वास जोरात, चेहऱ्यावरून घामाच्या धारा, आणि अंग पुढे-मागे हलत होतं. आरती थांबली. कोणीतरी म्हणालं, "देवी आली." एका क्षणात बायका गोळा झाल्या. तिच्या सासूबाईंनी कपाळभर हळदीकुंकू लावलं, पायांवर डोकं ठेवलं. आयुष्यभर जिला उठ-बस सांगितली, त्या सुनेच्या पायांवर. शेजारची एक बाई हात जोडून विचारू लागली, "माय, पोराचं लगन कवा जमंल?"

हात मीही जोडले होते. कधी नव्हे ते आमच्या बहिणीच्या अंगात आलं, तेही महालक्ष्म्यांपुढे, म्हणून मला जरा अभिमानच वाटला. मग तिच्या हाताकडे लक्ष गेलं. उजव्या हातानं तिनं डावा दंड घट्ट दाबून धरला होता.

तो हात माझ्या ओळखीचा होता. तुरीच्या शेताच्या धुऱ्यावर मी असाच दंड दाबून बसलो होतो, असाच भिजलो होतो, आणि गॅस झाला म्हणून गड्याला सोडा आणायला पिटाळलं होतं. मी बायकोला म्हणालो, "गाडीची चाबी दे."

सासूबाई आडव्या झाल्या. "नैवेद्य बाकी हाय, भाऊ. देवीले मधातून उठवाचं नाई."

"देवी असंल तं गाडीतबी बसंल," मी म्हणालो. "वाशीमचा रस्ता तिले ठाऊक हाय." एवढं बोललो खरं, पण भीती मलाही वाटत होती. माझं चुकलं असतं तर त्या घरात पुन्हा तोंड दाखवायची सोय नव्हती.

मी वाकून बहिणीला हाक मारली. तिनं डोळे उघडले. देवी काही बोलली नाही, बहीणच बोलली. "दादा, सवाष्नी उपाशी हायेत. त्यायचं जेवन होऊ दे."

मग मी कुणाला विचारलं नाही. जावईबापूंनी आणि मी तिला उचललं, मागच्या सीटवर बायकोनं तिचं डोकं मांडीवर घेतलं. वाशीमच्या डॉक्टरांनी ईसीजीची पट्टी काढली आणि लगेच सुई दिली. अॅटॅकच होता. वेळेत आणलंत, म्हणाले, आणि अकोल्याला पाठवायची तयारी सुरू केली. मधेच त्यांनी विचारलं, "यांनी शेवटचं कधी खाल्लं?" जावईबापूंनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्याकडे. तिच्या हातचं आम्ही दोघांनी वर्षानुवर्षं पोटभर खाल्लं होतं. ती त्या दिवशी कधी जेवते, काय उरतं तिच्यासाठी, हे दोघांपैकी एकालाही सांगता आलं नाही. मला तिथे सगळ्यांचा राग आला, आणि सगळ्यांत जास्त माझा.

बहीण वाचली. तिच्याही छातीत आता स्प्रिंग आहे. गोळ्यांचा रंगसुद्धा एकच.

यंदा आवतन द्यायला सासूबाईंनी स्वतः फोन केला. मी गेलो तर चुलीपुढे तिच्या दोन्ही जावा होत्या आणि ही पाटावर बसून अनारसे मोजत होती. सकाळच्या गोळीआधी तिला सासूबाईंनीच भाकर खायला लावली होती. रीत मोडली म्हणून कुणी चुलत सासू कुरकुरली, तर त्या म्हणाल्या, "गोयीनं उपास मोडत नाई नं? मंग गोयीखालच्या भाकरीनं कायले मोडंल?"

नैवेद्य झाला, सवाष्णी जेवल्या, मग आमची पंगत मांडली. माझ्या शेजारचं पान रिकामं होतं. मला वाटलं बायको बसेल, पण तिथे बहीण येऊन बसली. त्या घरात इतक्या वर्षांत तिला जेवताना मी पहिल्यांदा बघत होतो. ती घास लहान घेते आणि चावायला वेळ लावते. माहेरीही ती अशीच जेवायची, आणि मी विसरून गेलो होतो.

जाऊ पुरणपोळ्या घेऊन आली. "एकच दे," बहीण म्हणाली. ती पोळी तिनं मधोमध मोडली, अर्धी आपल्या पानात ठेवली आणि अर्धी माझ्या.