मागून मारलेली हाक

या पानावरचे अनुभव मी नेमाने वाचते आणि वाचून झाले की नेमाने हसते. खोटं कशाला सांगू? कोणाला पिंपळाखाली बाई दिसते, कोणाच्या स्वयंपाकघरात आपोआप भांडी वाजतात. आमच्याकडे भांडी वाजली की मी मांजर हाकलते. शाळा माझी जुन्या मॅट्रिकपर्यंतच. बाकीचं हाताला लागेल ते वाचत शिकले, आणि त्यात भुताखेतांना कधी जागा दिली नाही. तरी आज लिहायला बसलेय. नातीने टॅबलेट लावून दिलाय, एका बोटाने टाइप करतेय, चुकलंमाकलं सांभाळून घ्या.

गोष्ट शारजाची. २००८ ची मंदी आली, तिच्या पाठोपाठचा हिवाळा.

माझा मुलगा मंदार तिथे अल मजाजला राहायचा, तळ्याकाठच्या एका टॉवरमध्ये. तो, सून शीतल आणि नात इरा, तेव्हा आठ वर्षांची. मी दिवाळीला व्हिजिट व्हिसावर गेले होते, चार दिवस नातीचं कौतुक करायला. गेले आणि बघते तर काय, सगळ्या बिल्डिंगचीच बांधाबांध चाललेली. लिफ्टमध्ये गाद्या, पार्किंगमध्ये सोफे. कोणाकोणाच्या गाड्या तशाच सोडलेल्या, त्यांच्यावर धुळीचा इतका थर की मुलं बोटाने नावं लिहायची. शेजारची नाशिकची मंडळी तर एका सकाळी नव्हतीच. इराची मैत्रीण होती त्यांच्यात. इरा म्हणाली, "शी डिडन्ट इव्हन से बाय, आजी." 

मंदार बिल्डिंगा बांधणाऱ्या कंपनीत इंजिनिअर. आधी प्रोजेक्ट होल्डवर गेलं, मग नोकरी गेली. खलास. जानेवारीअखेरीची पुण्याची तिकिटं काढली, मीही तोवर तिथेच राहिले. पण नोकरी गेल्यावरसुद्धा हा रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून, बॅग घेऊन बाहेर पडायचा. कुठे जायचा, देव जाणे. आणि मी विचारलंही नाही. आमच्या सासूबाईंनी एक गोष्ट अंगात मुरवली होती – निघालेल्या माणसाला कुठे चाललास विचारायचं नाही आणि मागून हाक तर अजिबात मारायची नाही. छत्री विसरली तर भिजू दे, पण हाक नको. आता भुताखेतांना हसणाऱ्या बाईने हे का पाळावं? पण पाळत होते खरी. काही सवयी डोक्यात नसतात हो, जिभेतच असतात.

मला मंदारची भीती वाटत होती. स्पष्टच लिहिते. तो चिडत नव्हता, रडत नव्हता. नुसता दमलेला. जेवताना घास हातात धरून बसायचा. एकदा बघितलं तर शीतलला शेजारी बसवून सगळे पासवर्ड समजावून सांगत होता, विमा कुठला, बँक कुठली, कोणाला फोन करायचा. शीतल म्हणाली, "अरे, पुण्याला गेल्यावर बघू की, आपण दोघंही तिथेच असणार आहोत." त्यावर हा कागदावर पुढचा पासवर्ड लिहायला लागला. 

त्याच आठवड्यात पेपरात फोटो आला. रास अल खैमाच्या डोंगरांवर बर्फ पडला होता. वाळवंटातल्या देशात बर्फ! इरा तो कागद घेऊन घरभर फिरली. दुबईच्या मॉलमधला बर्फ तिने बघितला होता, पण तो म्हणे "नॉट फ्रॉम द स्काय." एका टूरवाल्याने लगेच जीपची सहल काढली, सकाळी न्यायचं, संध्याकाळी आणून सोडायचं. शीतल म्हणाली, आता कशाला खर्च. पण मंदार म्हणाला, "जाऊ दे. तिची एक इच्छा राहायला नको." बऱ्याच दिवसांनी तो आपणहून काही बोलला होता, म्हणून मीही गप्प बसले.

संक्रांत होऊन गेली होती, पण रथसप्तमी यायची होती, म्हणजे तिळगूळ चालतो. घरातलं लाटणं कार्गोच्या खोक्यात, किसणी खोक्यात, सुकं खोबरं संपलेलं. मग मी वड्या काचेच्या बाटलीने लाटल्या आणि वर खोबऱ्याऐवजी इराच्या खाऊतले पिस्ते चेपले. तिरक्यातारक्या कापल्या गेल्या. शीतल हसली, "आई, हा तिळगूळ अरबी झाला." ही वडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

गाइड-कम-ड्रायव्हर सलीमभाई, पेशावरकडचे. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात त्यांच्या भावाचं गॅरेज, गाडी तिथलीच. मला बघून पहिलं वाक्य, "अम्माजी, रास्ता ख़राब है, हड्डियाँ संभालना." मी म्हटलं, "हड्डियाँ पहलेसेही ख़राब है." हसले. त्यांना वडी दिली, शीतलने घेतली, इराने दोन घेतल्या. मंदारपुढे डबा धरला तर म्हणाला, "नको आई, गोड नको." आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

वाळू संपली, मग खडे, मग नुसते करडे उघडे डोंगर. झाड म्हणून नाही. तेव्हा वरपर्यंत पक्का रस्ता नव्हता, कच्च्या वाटेने जीप हेलपाटत चढत होती. एका सपाट जागी सलीमभाईंनी गाडी उभी केली. "यल्ला, बेबी, बर्फ़!" यल्ला म्हणजे चला. कड्याच्या सावलीत, दगडांच्या फटीत साचलेला होता. मळलेलाच म्हणायचा, पण खरा. इरा त्यावर गुडघे टेकून बसली आणि हळूच म्हणाली, "आजी, इट इज सो टायर्ड." दमलेला बर्फ. मला अजून आठवतं ते.

माझे गुडघे काही त्या दगडांतून चालू देईनात. सलीमभाईंनी जीपजवळ घडीची खुर्ची टाकली, मंदारचं जाकीट अंगावर घेऊन, डबा मांडीवर ठेवून बसले. शीतल, इरा आणि सलीमभाई कड्यामागे अजून बर्फ शोधायला गेले. मंदार म्हणाला, "मी त्या वळणापर्यंत जाऊन येतो. फोटो काढतो." आणि दुसऱ्या बाजूला चालायला लागला.

दरीतून धुकं वर येत होतं. मला त्याची पाठ दिसत होती. वळण जवळ येत होतं, तसा तो हळू होत होता, पण थांबत नव्हता. फोटोही काढत नव्हता. माझ्या मनात आलं, हाक मारावी. तोंड उघडलं सुद्धा. आणि सासूबाईंचं ते आड आलं – निघालेल्याला मागून हाक नको. तोंड मिटून बसले. स्वतःला म्हटलं, मोठा माणूस आहे, येईल.

तेवढ्यात शेजारी कोणीतरी उभं असल्यासारखं वाटलं. काळ्या कपड्यातली बाई. मला वाटलं, इकडची कोणी असेल, अबायामध्ये, इथल्या बायका घालतात त्या काळ्या झग्यात. म्हणून मी मान झुकवून सलाम म्हटलं. ती म्हणाली, "संक्रांतीच्या वड्या का हो?"

मराठीत. तेव्हा नीट बघितलं. अबाया नव्हताच तो, काळी साडी होती, आपण संक्रांतीला नेसतो तशी, बारीक पांढऱ्या बुट्ट्यांची. अंगावर शाल नाही, स्वेटर नाही. माझ्याच वयाची असेल. चेहरा असा, जसा लांबच्या प्रवासातून आलेल्या माणसाचा असतो. तुम्ही म्हणाल घाबरले नाही का? नाही. परमुलखात मराठी बोलणारी बाई भेटली की आपल्याला आधी बरंच वाटतं. मला वाटलं, मागून दुसरी जीप आली असेल.

मी म्हटलं, "घ्या ना. खोबरं नव्हतं, पिस्ते लावलेत. कुठल्या तुम्ही?"

"आता इथलीच."

"एकट्याच आलात?"

"मुलगा आहे. वाट बघतेय." तिने वडी घेतली आणि तळहातावर धरून ठेवली.

"खा ना."

"मुलासाठी ठेवते."

मग ती वळणाकडे बघायला लागली. मीही बघितलं. मंदार आता धुक्यात अर्धा दिसत होता.

"तो तुमचा?"

"हो."

"हाक मारा त्याला."

मी म्हटलं, "अहो, निघालाय तो. मागून कशी मारू?"

त्यावर ती जे बोलली ते मी शब्दाला शब्द लिहिते. "माझाही असाच पुढे गेला. मीही मारली नव्हती. आपल्यात मारत नाहीत ना." आवाजात रडणं नव्हतं, राग नव्हता. खूप वेळा सांगून झालेली गोष्ट सांगावी तसं. "तुम्ही मारा."

मी खुर्चीतून उठले कशी, मला माहीत नाही. डबा खाली पडला. मी ओरडले, "मंद्याऽऽ!" हे नाव मी त्याच्या लग्नानंतर घेतलं नव्हतं. डोंगरांनी ते माझ्याकडे परत फेकलं. पुन्हा ओरडले. धुक्यात त्याची सावली थांबली. बराच वेळ थांबली. मग वळली.

मी शेजारी बघितलं तर कोणी नव्हतं. जीपच्या मागे बघितलं, वाटेवर बघितलं. दुसरी गाडी नव्हती. लपायला झुडूप नव्हतं, मी आधीच सांगितलं, तिथे झाडच नाही.

मंदार आला तो पांढराफटक. माझ्यासमोर उभा राहिला, मूठ उघडली. मुठीत वडी. तिरकी कापलेली, वर पिस्ता.

"आई, ती बाई कोण?"

"कुठली?"

"मी वळणापाशी उभा होतो. समोरून आली. काळ्या साडीत. हे हातात ठेवलं आणि म्हणाली, आई हाक मारतेय, ऐक. आणि मग तुझा आवाज आला."

समोरून, म्हणाला. आणि मी हाक मारली तेव्हा ती माझ्याशेजारी होती. माझ्याशी बोलत होती.

मी त्याच्या हाताला धरून त्याला खुर्चीत बसवलं. "खा," म्हटलं. त्याने खाल्ली. लहान मुलासारखी, तुकडे तुकडे करून. मग माझ्या पदरात डोकं घालून रडला. नोकरी गेल्यापासून पहिल्यांदा. मी म्हटलं, "चल, घरी जाऊ." तो म्हणाला, "कुठलं घर, आई?" मी म्हटलं, "मी जिथे आहे ते. सध्या ही जीप."

शीतल आली, बघून घाबरली. मी खूण केली, आत्ता काही विचारू नकोस. सलीमभाईंना विचारलं, कोई औरत आयी थी क्या, काली साड़ी में? ते हसले, "साड़ी में? इस ठंड में? अम्माजी, आज ऊपर हमारी अकेली गाड़ी है." मग शीतलच्या लक्षात आलं, मंदारचा कॅमेरा कुठेय? तो म्हणाला, तिकडे ठेवला. सलीमभाई आणायला गेले. परत आले तेव्हा हसत नव्हते. कॅमेरा माझ्याकडे दिला, त्याच्याकडे नाही. हळू आवाजात म्हणाले, "आख़िरी पत्थर पे रखा था. उसके आगे कुछ नहीं है." खाली येईपर्यंत त्यांनी मंदारला पुढे स्वतःशेजारी बसवलं आणि सारखं बोलतं ठेवलं, क्रिकेट, गॅरेज, काय काय. इरा माझ्या मांडीवर झोपली, पाण्याच्या बाटलीत वितळलेला बर्फ घेऊन.

पुण्याला आल्यावर शीतलने मंदारला डॉक्टरांकडे नेलं. गोळ्या झाल्या, बोलणं झालं. वेळ लागला, पण माणूस परत आला. एकदा मला म्हणाला, "मी फोटो काढायलाच गेलो होतो गं. मग कॅमेरा खाली ठेवला. का ठेवला ते विचारू नकोस. फार दमलो होतो, एवढंच." मी विचारलं नाही.

आता तुम्ही विचाराल तेच मीही स्वतःला विचारलंय. शीतलचं म्हणणं, "आई, तुमचा डोळा लागला असेल, आणि याने सकाळीच खिशात वडी टाकली असेल." असेल. पण डोळा माझा लागला तर साडी त्याला कशी दिसली? आम्ही दोघं तेव्हा एकमेकांशी बोललोही नव्हतो. उंचीवर भास होतात असं कुठे कुठे वाचलं. ते डोंगर काही हिमालय नव्हेत. ती बाई कोण, तिचा मुलगा कोण, ती तिथे कशी – मला आजही काही सांगता येत नाही. भूत म्हणायला माझी जीभ रेटत नाही. भूत कशाला दुसऱ्याच्या मुलाला वडी देईल, स्वतःच्या मुलासाठी ठेवलेली?

सासूबाईंची ती सवय मी अजून पाळते. शीतल निघाली, इरा कॉलेजला निघाली, की ओठ मिटून घेते. फक्त मंदारला हाकेतून सूट नाही. तो स्कूटर काढून गेटपाशी पोचला की मी गॅलरीतून मुद्दाम हाक मारते. खालच्या मजल्यावरच्या आजी नाक मुरडतात, चांगल्या कामाला निघालेल्याला काय हाका मारते ही बाई. मुरडू देत नाक.

तो थांबतो. मागे वळून वर बघतो.

"काय गं?"

"काही नाही रे," मी म्हणते. "ये जाऊन."