तलावातला दवाखाना

दोन हजार सालानंतरची पहिली काही वर्षं मी चंद्रपूरला सार्वजनिक धोरणाच्या एम.ए.ला जीआयएस शिकवत होतो. वस्ती, रस्ते, तलाव असे माहितीचे थर संगणकात एकमेकांवर चढवायचे आणि सरकारी सोय कुठे हवी ते नकाशावर शोधायचं, असा तो विषय.

शेवटच्या सत्रात जोडीने प्रकल्प करायचा असे. एका जोडीने चामोर्शीकडचा मोठा तलाव निवडला. त्याच्या दोन काठांवर दोन गावं, आणि दवाखाना एकच द्यायचा. मुलगी एका गावच्या मासेमार घरातली, मुलगा समोरच्या गावचा, हे मला उशिरा कळलं.

कशाला किती वजन द्यायचं ते विद्यार्थी ठरवत. मुलाने रस्त्याचं वजन वाढवलं की दवाखाना त्याच्या गावात जाई. तो चहाला गेला की मुलगी लोकसंख्येचं वाढवी. दवाखाना तलाव ओलांडून तिच्याकडे.

"काऊन व, माह्या गावचा दवाखाना कुठी नेला?"

"तुया गावाले डांबरी रस्ता हाये ना? मंग जा ना फटफटीवर चंद्रपूरले!"

शेवटी मी बजावलं, "जागा एकच दाखवा, नाहीतर दोघंही नापास." म्हणजे पदवी एक वर्ष लांबणीवर.

तोंडी परीक्षेला आरोग्य खात्यातून निवृत्त झालेले परीक्षक आले. पडद्यावर निळ्या रंगाच्या मधोमध लाल ठिपका होता.

"हे निळं काय?"

"पाणी, सर," मुलगी म्हणाली.

"आणि ठिपका?"

"दवाखाना. दोन्ही गावांपासून अंतर सारखं आहे," मुलगा म्हणाला.

मी डोकं धरलं. पाण्यात बांधकाम नको, ही अट मी पहिल्याच तासाला शिकवली होती. तडजोड करताना दोघांनी तीच काढून टाकली होती.

"पेशंट येणार कसे?"

"डोंग्याने, सर. आमच्या बाबांचा आहे."

"फुकट नेशीन का?" मुलाने तिथेच विचारलं.

"तुले सोडून सगळ्याईले फुकट!"

परीक्षकांनी बराच वेळ चष्मा पुसला. "मी नोकरीत असताना आम्ही एक उपकेंद्र बांधलं. ते पावसाळाभर पाण्यातच असायचं," ते म्हणाले. "डोंग्याचं आम्हाला सुचलं नव्हतं. करा पास."

दोघं पास झाले. मी मात्र प्रत्येकी दोन गुण कापले, कारण डोंगा लागायचा घाट नकाशात कुठेच नव्हता. दुसऱ्या दिवशी दोघं गुण मागायला आले. मी म्हटलं, "घाट दाखवा, गुण घ्या."

पहिला घाट कोणाच्या काठाला, यावर दोघांची दारातच जुंपली.