एक किलोतले एकोणतीस ग्रॅम

"भाऊ, काटा पुन्हा बिघडला."

आठवड्यातला हा तिसरा फोन. मी पांढरकवड्याला एका धान्य व्यापाऱ्याच्या गोदामात मोठ्या प्लॅटफॉर्म काट्यापुढे पालथा पडलो होतो. तोंडात दोन स्क्रू, खांद्याने कानाशी दाबलेला मोबाईल. मे महिना. गोदामावर पत्रे.

स्क्रू हातात काढून घेऊन म्हणालो, "ताई, काटा बिघडला नाही. परवाच पाहून गेलतो ना मी."

"मग लोक काहून बोंबलून राह्यले?"

येतो म्हणालो आणि फोन ठेवला. व्यापारी म्हणाला, "कोण आहे? लयच प्रेमानं आठवण काढून राह्यले." मी स्क्रू परत तोंडात धरले. डोकं आधीच तापलेलं होतं.

माझा धंदा काट्यांचा. यवतमाळात एकतीस वर्षं काटे विकतो, दुरुस्त करतो. त्याचं सरकारी लायसन्स लागतं. पण काटा खरा की खोटा हे मी ठरवत नाही. ते वजनमापे खात्याचा इन्स्पेक्टर ठरवतो. तो दरवर्षी काटा तपासतो, शिक्का मारतो आणि सील लावतो. ते सील तुटलं की काटा वापरातून बाद, पुन्हा तपासणी होईपर्यंत. म्हणून मला वाटेल तेव्हा काटा उघडता येत नाही. हे गिऱ्हाइकांना पटत नाही. "उघडून पाहा ना एकदा" असं म्हणतात, जसं काही कुकरचं झाकण आहे.

फोन होता सुनंदाताई राठोडांचा. त्या दारव्ह्याकडच्या एका बंजारा तांड्यावरच्या. तिथे बचत गट चालवला, मग डाळ भरडायची छोटी मशीन घेतली, आणि त्या वर्षी जानेवारीत थेट यवतमाळच्या मेन लाईनीत, भर बाजारात, किराणा दुकान टाकलं. त्या वर्षभरात मेन लाईनीत अशी तीन नवी दुकानं उघडली. इतकी वर्षं लोक म्हणत होते, आता किराणा म्हणजे बायपासवरचे मोठे मॉल, बाजारातल्या दुकानांचं काही खरं नाही. आणि अचानक तीन. तिन्ही ठिकाणी काचेचा दर्शनी भाग, तिन्ही ठिकाणी आत जाऊन आपल्या हाताने माल घ्यायची सोय. तिन्ही काटे माझ्याकडचे. त्यामुळे मी खूश होतो. मे लागेपर्यंत.

सुनंदाताईंच्या दुकानाची खासियत म्हणजे तूरडाळ. तूर तांड्यावरच्याच शेतांतली, भरडणी घरची, आणि पॅकिंग प्लॅस्टिकमध्ये नाही, मांजरपाटाच्या पिशवीत. पिशव्या तांड्यावरच्या बाया शिवत. वर लेबल: निव्वळ वजन एक किलो. पिशव्या एकदम समोर, काचेला लागून, रॅकवर मांडलेल्या. दिसायला खरंच देखण्या होत्या. कळंबचे लोक चिंतामणी गणपतीच्या दर्शनाला आलेल्या पाहुण्यांना भेट द्यायला त्या पिशव्या नेत.

मग कोणीतरी म्हणालं, वजन कमी भरतं. दुसऱ्यानंही म्हटलं. आणि आपल्याकडे दुकानदाराला यापेक्षा वाईट शिवी नाही: काटा मारते.

पहिल्या फोनवर मी गेलो. माझ्याकडे तपासलेल्या वजनांची पेटी असते. एक किलो ठेवलं, एक किलो दाखवलं. पाच, दहा, सगळं बरोबर. मग पाच किलोचं वजन पाटीच्या चारही कोपऱ्यांवर ठेवून पाहिलं, कारण काही काटे मधोमध खरं आणि कडेला खोटं बोलतात. हा तिथेही खरा. काट्यावर एक छोटा बुडबुडा असतो, काटा सपाट बसलाय की नाही ते सांगणारा. तो जरा सरकलेला होता. काट्याचे पाय फिरवून तो मधे आणला आणि म्हणालो, "झालं."

चार दिवसांनी दुसरा फोन. पुन्हा गेलो. पुन्हा सगळं बरोबर. या वेळी माझी नजर कूलरवर गेली. मोठा लोखंडी कूलर, वारा सरळ काट्याच्या पाटीवर. वाऱ्याने आकडे दोन-पाच ग्रॅम हलतात, हे खरं आहे. मी कूलरचं तोंड फिरवायला लावलं.

"भाऊ, मंग आमी उकडून मरू ना," सुनंदाताई म्हणाल्या.

"मरा, पण वजन बरोबर येईल."

त्या हसल्या नाहीत. कूलर मात्र फिरवला. दिवसभर घामाने निथळत त्यांनी दुकान चालवलं आणि तक्रारी तेवढ्याच आल्या.

तिसऱ्या फोननंतर पांढरकवड्याहून मी परत आलो ते सरळ मेन लाईनीत. दुपारचे साडेचार. पश्चिमेकडचं ऊन काचेतून आत आलेलं. दुकानात पाच-सहा गिऱ्हाइकं, आणि काउंटरपाशी वानखडे मॅडम उभ्या. मॅडम शाळेत होम सायन्स शिकवायच्या, आता निवृत्त. माझ्या बहिणीला त्यांनी शिकवलंय. एका हातात डाळीची न उघडलेली पिशवी, दुसऱ्या हातात स्वयंपाकघरातला चपटा डिजिटल काटा, ऑनलाईन मागवलेला.

मला पाहून म्हणाल्या, "या. तुम्हीच का काटेवाले? तुम्हीच यांना काटा दिलाय?"

"हो मॅडम. शिक्का आहे त्याच्यावर."

"शिक्का असेल. एक किलो नाही."

माझी सहनशक्ती तिथे संपली. सलग तीन खेपा, पांढरकवड्यापासून डोक्यावर घेतलेलं ऊन, आणि आता बाई घरगुती खेळणं घेऊन आल्या होत्या. मी पेटी काउंटरवर जरा जोरातच ठेवली.

"मॅडम, तुमच्या या काट्याला शिक्का आहे का? नाही. तो केक करायसाठी असतो. त्याच्यावर माल मोजून दुकानदाराले चोर म्हणता येत नाही."

"मग तपासा ना," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तुमच्याकडे वजनं आहेत ना?"

गिऱ्हाइकं काउंटरपाशी सरकली. मी पितळी एक किलो काढलं आणि त्यांच्या काट्यावर ठेवलं. मनात म्हणत होतो, दाखव आता नऊशे पन्नास.

एक हजार. बरोबर एक हजार.

मी वजन उचललं, पुन्हा ठेवलं. पुन्हा एक हजार. मॅडम माझ्याकडे बघत होत्या. शिक्षकांची ती सवयच असते, उत्तर चुकलं की मुलाकडे नुसतं बघत राहायची.

मग त्यांनी पिशवी उघडली, डाळ स्टीलच्या डब्यात ओतली, डब्याचं वजन वजा केलं आणि आकड्याचा मोबाईलवर फोटो काढला. नऊशे एकाहत्तर. मी तीच डाळ सुनंदाताईंच्या काट्यावर घेतली. नऊशे एकाहत्तर. दोन्ही काटे एकच सांगत होते. एकोणतीस ग्रॅम कमी.

"मी सोता भरली हो ही पिशवी," सुनंदाताई म्हणाल्या. त्यांचा चेहरा उतरला होता. "एक हजार पाच पाहून बंद केली होती. माझ्या लेकरायची शपथ."

त्यांनी रॅकवरून दुसरी पिशवी आणली. नऊशे अडुसष्ट. तिसरी, नऊशे चौऱ्याहत्तर. मागे उभा असलेला एक माणूस हातातली पिशवी खाली ठेवून निघून गेला. त्या पिशवीचा काउंटरवर टेकल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला.

आता माझ्या डोक्यात नुसता गोंधळ. काटा खरा, भरणारी खरी, मग डाळ गेली कुठे? पिशवी फाटलेली नाही. उंदीर नाहीत. मी विचारलं, "मागे अजून माल आहे?"

त्या मागच्या अंधाऱ्या खोलीतून एक पिशवी घेऊन आल्या. कालच तांड्यावरून आलेली. एक हजार तीन.

मी दोन्ही पिशव्यांची लेबलं शेजारी धरली. समोरची मार्चमध्ये भरलेली. मागची कालची. मी अजूनही काट्याकडेच बघत होतो. सुनंदाताईंनी मात्र समोरच्या पिशवीतली डाळ मुठीत घेतली, दोन दाणे दातांखाली धरले. कट्ट असा आवाज झाला. मग मागच्या पिशवीतले दोन दाणे चावले. आवाज नाही.

त्या खुर्चीवर बसल्या.

"वाळली," त्या म्हणाल्या. "घट आली. भाऊ, घरात कापूस ठेवला का घट येते, हे मले फ्राक घालत होती तवापासून ठाऊक आहे. अन् डाळीची घट मले समजली नाही."

आता मी जे इतके दिवस शोधत होतो ते समोर होतं. तूर भरडण्याआधी ओली करून वाळवतात. गडबडीत भरडली तर डाळीत ओल राहते. प्लॅस्टिकमध्ये भरली असती तर ती ओल आतच राहिली असती. यांची पिशवी कापडाची, आणि ती ठेवलेली काचेला लागून, रोज चार तास यवतमाळच्या उन्हात. भरताना एक किलो होती, विकताना नव्हती. आणि कायद्याला भरतानाचं वजन चालत नाही. गिऱ्हाइकाच्या हातात पडतं ते वजन धरतात.

मला माझाच राग आला. दोन खेपा मारल्या, बुडबुडा पाहिला, कूलर फिरवला, आणि ज्या पिशवीबद्दल तक्रार होती ती पिशवी एकदाही काट्यावर ठेवली नाही. मला काट्यासाठी बोलावलं होतं, म्हणून मी काटाच पाहिला.

मॅडम म्हणाल्या, "हे मला पटतं. पण मी कालच वजनमापे ऑफिसात लेखी तक्रार दिली आहे. ती आता मागे घेणार नाही. लोकांना कमी माल गेला, हे तर खरंच आहे."

"नका घेऊ," सुनंदाताई म्हणाल्या.

मॅडम गेल्यावर शेजारचे दुकानदार जमा झाले. बाजारात सल्ला फुकट मिळतो आणि तो नको असेल तेव्हा जास्त मिळतो. एक म्हणाला, इन्स्पेक्टर यायच्या आत सगळा माल तांड्यावर पाठवा. दुसरा म्हणाला, "कायले पाठवता? कूलरपुढे ठेवा ना रात्रभर. ओल पकडते डाळ. सकाळी पाहा, किलो पुरा." आणि खरं सांगतो, ते झालंही असतं. वाईट याचं की क्षणभर मलाही ते पटलं. माझ्या नावाचं स्टिकर त्या काट्यावर होतं.

सुनंदाताई माझ्याकडे वळल्या. "भाऊ, तुमी काय म्हणता?"

"पाणी विकू नका," मी म्हणालो. याहून जास्त काही सुचलं नाही.

त्यांनी सासूला फोन लावला. त्यांच्या गोरबोलीत बराच वेळ बोलणं झालं. मला त्यातलं "याडी" तेवढं समजलं, म्हणजे आई. फोन ठेवून त्यांनी कात्री घेतली आणि रॅकवरच्या पिशव्या एकेक करून फोडायला लागल्या. तांड्यावरच्या बायांनी घातलेले ते टाके त्यांनी स्वतःच्या हाताने कापले. सगळी डाळ एका मोठ्या स्टीलच्या कोठीत ओतली. तीन पिशव्या तेवढ्या तशाच ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता इन्स्पेक्टर आले. मलाही बोलावलं होतं. साहेब तरुण, नवीनच बदली होऊन आलेले. त्यांनी काटा तपासला. बरोबर. मग रॅककडे पाहिलं. रिकामा.

"माल कुठे आहे?"

"फोडला साहेब," सुनंदाताईंनी तीन पिशव्या पुढे केल्या. "ह्या तुमच्यासाठी ठेवल्या. कमी भरते. तीस-तीस ग्रॅम."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. "हे तुम्ही शिकवलं?"

"नाही साहेब. मी तर कूलर फिरवत होतो."

त्यांनी तिन्ही पिशव्या मोजल्या, पंचनामा लिहिला. लिहिता लिहिता म्हणाले, "ताई, तुम्ही सांगितलंत ते ठीक. पण लेबलवर एक किलो लिहिलं की ते एक किलोच पाहिजे. डाळ का वाळली, हे मला लिहिता येत नाही."

"मी कुठं म्हणते लिहा?"

कारवाई झाली. दंडही झाला. मला वाटलं होतं, खरं बोलल्याबद्दल थोडी सूट मिळेल. कायद्यात तसा रकाना नाही.

मॅडमनी त्याच दिवशी आपल्या कॉलनीच्या ग्रुपवर लिहिलं, की दुकानदार प्रामाणिक आहे, डाळ उन्हाने वाळली होती. चांगलं सविस्तर लिहिलं, होम सायन्सच्या धड्यासारखं. ते कोणी पुढे पाठवलं नाही. त्यांनी आधी टाकलेला नऊशे एकाहत्तरचा फोटो मात्र पुसद, वणी, पार झरी जामणीपर्यंत जाऊन आला. जूनमध्ये मला झरीच्या एका माणसाने तो दाखवला आणि विचारलं, "हा तुमचाच काटा ना?" मी त्याला सगळं समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हो, पण फोटो तर आहे ना."

सुनंदाताईंचं दुकान दोन महिने अर्धं रिकामं होतं. त्या काळात समोरच्या नव्या दुकानाने बोर्ड लावला: आमच्याकडे पुरं माप. तो बोर्ड वाचत त्या रोज शटर उघडत. त्यांनी कोणताच बोर्ड लावला नाही. डाळीची कोठी आतल्या सावलीत नेली, काटा गिऱ्हाइकाकडे तोंड करून ठेवला, आणि मागेल त्याला समोर मोजून द्यायला लागल्या. पिशवी मांजरपाटाचीच, पण त्यावर वजन छापणं बंद. पोळ्यापर्यंत जुनी गिऱ्हाइकं हळूहळू परतली. सगळी नाही. तो पिशवी खाली ठेवून गेलेला माणूस काही परत आला नाही म्हणतात. पुरं माप लिहिणारं दुकान दिवाळीच्या आधी बंद झालं, ते भाडं परवडलं नाही म्हणून. त्याचा मापाशी काही संबंध नव्हता.

माझ्या कामात एक फरक पडला. आता काटा बिघडल्याचा फोन आला की मी आधी विचारतो, माल कधी भरला होता, कशात भरला होता आणि दुकानात ऊन कुठून येतं. दहातले आठ जण चिडतात. त्यांना वाटतं, काटेवाला यायला टाळाटाळ करून राह्यला.