टेकाडाजवळचे शनिवार

आठवड्यातून चार तास एकाच जागी उभं राहा, किस्से शोधायला जावं लागत नाही. ते चालत येतात. सोमवार ते शुक्रवार मी अमेरिकेतल्या डब्लिनमध्ये कोडिंग करते आणि शनिवारी गावाबाहेरच्या एका मातीच्या टेकाडाची राखण. सोबतीला वॉल्टर, रिटायर्ड स्कूलबस ड्रायव्हर. टेकाड दोन हजार वर्षांपूर्वी इथल्या मूळ लोकांनी हातांनी रचलेलं, आता कायद्यानं संरक्षित. आत त्यांची माणसं पुरलेली आहेत. आमचं काम एकच, त्यांच्यावर कुणाचा पाय पडू द्यायचा नाही. तेवढंही लोकांना जड जातं!

*

एक इंग्लिश पाहुणा आला. "आमच्याही गावात असंच टेकाड आहे, नॉर्मन लोकांचं. वर किल्ला होता. इथं काय होतं?"

वॉल्टर म्हणाला, "वर गवत. खाली माणसं."

*

बर्फ पडला की पोरं स्लेज घेऊन येतात. एक बाप तर हुज्जतच घालायला लागला, "एकदाच घसरू द्या ना!"

वॉल्टरनं शांतपणे विचारलं, "तुमच्या आजोबांना कुठं पुरलंय?"

त्यानं गावाचं नाव सांगितलं.

"नीट पत्ता लिहून द्या. पुढच्या शनिवारी माझी नातवंडं स्लेज घेऊन तिथं येतील."

*

आपली माणसंही काही कमी नाहीत. मंडळाच्या पिकनिकला आलेल्या एक काकू कुंपण ओलांडून थेट माथ्यावर! मी खालून ओरडले, "काकू, उतरा! खाली थडगी आहेत!"

"अगं, चप्पल काढून चढलेय!"

हे वॉल्टरला समजावून सांगताना माझी पुरेवाट झाली.

*

लोइस आजींच्या पूर्वजांना सरकारनं इथून हाकललं. त्या ओक्लाहोमात राहतात, दर वर्षी भाचीबरोबर गाडीनं टेकाड बघायला येतात. पहिल्यांदा आल्या तेव्हा मी मोठ्या उत्साहानं व्हिजिटर बुक पुढे केलं. 'कुठून आलात?' या रकान्यात त्यांनी लिहिलं, 'इथूनच.'

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

*

यंदा त्या आल्या तेव्हा वानखेडे काका तिथं होते. नागपूरहून मुलाकडे आलेले. दर शनिवारी कुंपणाबाहेर घडीची खुर्ची टाकून बसायचे, कुणाशी बोलायचे नाहीत. आजींनी त्यांना विचारलं, "तुमचं कुणी आहे का आत?" इथलं इंग्रजी काकांना झेपत नाही, म्हणून मी मराठीत सांगितलं.

"आत नाही," काका म्हणाले. "आमची पहिली मुलगी, अकराव्या दिवशी गेली. एवढ्याशा लेकराला जाळत नाहीत, पुरतात. खड्डा मीच खणला होता. तिथं आता पार्किंग आहे. इथं निदान कुंपण तरी आहे."

मी कसंबसं इंग्रजी केलं. आजींनी हळूच विचारलं, "नाव काय होतं तिचं?"

मी काकांना विचारलं.

काका म्हणाले, "बारसं दुसऱ्या दिवशी होतं."