गल्लीतल्या खुर्च्या

घाना, नेदरलँड्स, पोर्तुगाल, व्हिएतनाम. देवासच्या शाळेत हे देश मी नोकरीभर नकाशावर छडी ठेवून शिकवले, तेही हिंदीतून. त्यांच्या राजधान्या, पिकं, नद्या सगळं तोंडपाठ. पण त्यातलं एखादं माणूस चष्मा पुसत समोर येईल आणि तुमच्या गल्लीतली नाली उघडी आहे की झाकलेली, असं मला विचारेल, हे स्वप्नातही आलं नव्हतं.

ही सगळी करणी माझ्या भाचीची. ती जर्मनीत नोकरी करते. तिच्या शेजाऱ्यांनी तिथं एक मंडळ काढलंय. देशोदेशीची साधी माणसं महिन्यातून एकदा मोबाईलवर भेटतात आणि आपापली गल्ली कशी सुधारली ते एकमेकांना सांगतात. "मावशी, तू नाहीतरी अख्ख्या देवासला नावं ठेवतेस, आता जगासमोर ठेव," असं म्हणून तिनं मला त्यात घातलं. पहिल्या भेटीला मी इस्त्रीची साडी नेसून बसले आणि शेवटपर्यंत तोंड उघडलं नाही. नुसती ऐकत होते. घानातल्या एका बाईच्या वस्तीत पावसाचं पाणी साचायचं, तर बायकांनी मिळून चर खणला आणि त्याच्या कडेनं केळी लावल्या. व्हिएतनामच्या एका शिंप्यानं कचऱ्याच्या कोपऱ्यात फुलझाडांच्या कुंड्या मांडल्या, तेव्हापासून तिथं कचरा टाकायला कुणाचा हात होईना. एवढी मोठी पृथ्वी, आणि सगळ्यांचं भांडण पाण्याशी, कचऱ्याशी आणि दारात गाडी लावणाऱ्या शेजाऱ्याशी.

दुसऱ्या भेटीत मात्र बोलणं भागच होतं. त्या हिवाळ्यात आमच्या यांना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, रोज चालले तर पाय परत येईल, नाहीतर पलंग धरतील. हे जन्मभर कारखान्यात उभं राहून काम केलेले. पलंग हा शब्द ऐकूनच चेहरा उतरला. चालायची इच्छा होती, पण चार घरं गेलं की पाय थरथरायचा आणि टेकायला जागा नसायची. पूर्वी आमच्या गल्लीत दर घरापुढं बसायला ओटला होता. नाली बांधताना सगळे ओटले तुटले. मग काठी टेकत हे भिंतीला धरून उभे राहायचे, आणि कुणी पाहिलं की मान खाली घालून परत फिरायचे.

हे मी माझ्या मोडक्यातोडक्या इंग्रजीत सांगितलं. माझ्या नवऱ्याच्या पायासाठी तीन खंडांतली माणसं विचारात पडली. मग नेदरलँड्सचे एक आजोबा म्हणाले, "आमच्या रस्त्यावर प्रत्येक घर दाराबाहेर एक खुर्ची ठेवतं. ज्याला दम लागेल त्यानं बसावं, वाटेल तेव्हा उठून जावं."

इतकं सोपं. मी दुसऱ्याच दिवशी घरोघरी फिरले. आमची गल्ली तशी भली. चौकापर्यंत प्रत्येक दारासमोर खुर्ची आली. कुणी प्लास्टिकची ठेवली, कुणी लग्नात मिळालेली. हे निघाले. पहिल्या खुर्चीवर टेकले मात्र, आतून आवाज आला, "ऐसे कैसे जाओगे काकाजी, चाय तो पीनी पड़ेगी." चहा प्याले. दुसऱ्या खुर्चीवर पोहे आले, वर शेव घालून. तिसरीवर आमच्याच नात्यातल्या वहिनींनी साबुदाण्याची खिचडी आणली आणि पायावर कोणतं तेल चोळता, लघवी साफ होते ना, इथपासून सगळी चौकशी केली. यांना साखर आहे हे सगळ्या गल्लीला ठाऊक, म्हणून चहा बिनसाखरेचा. पण दारात बसलेल्या माणसाला नुसतं बसू द्यायचं, हे आमच्या माळव्यात कुणाला जमणार?

आठवड्याभरात हे घरी येऊन पलंगावर आडवे झाले.

"मी फिरायला जातो का पाहुणचार झोडायला? सगळे माझ्याकडे असे बघतात, की जणू मी शेवटचा निरोप घ्यायला आलोय. उद्यापासून बंद."

आणि खरंच बंद. मी रागावले, विनवलं, अबोला धरला. काही उपयोग झाला नाही. पाय पुन्हा जड होत चालला होता.

पुढच्या भेटीत मी ही कथा सांगितली तेव्हा नेदरलँड्सचे आजोबा चक्रावले. "पण तुम्ही चहा देताच का?" मीही चक्रावले. "म्हणजे तुमच्याकडे पाणीसुद्धा विचारत नाहीत?" मग पोर्तुगालची एक बाई हसत म्हणाली, "आमचं गाव समुद्राकाठी. दारात मासे वाळत घालतो. मांजरं टपलेली असतात, म्हणून म्हाताऱ्यांना राखणीला बसवतो. त्यांना कुणी तब्येत विचारत नाही. मांजर आलं होतं का, तेवढं विचारतात."

मी फोन ठेवला. कुठला तो समुद्र, कुठली ती मासळी, आणि त्या बाईनं न बघता माझ्या नवऱ्याचं दुखणं ओळखलं होतं.

उन्हाळा लागलाच होता. गावातल्या टेकडीवरची माकडं गच्चीवर काही ठेवू देत नाहीत, म्हणून आमच्याकडे पापड-कुरडया दारातच खाटेवर चादर घालून वाळतात. मी शेजारणींना खुर्च्या खाटांजवळ सरकवायला सांगितलं. दुसऱ्या दिवशी शेजारीण येऊन यांना म्हणाली, "काकाजी, थोड़ा पापड़ देखोगे क्या? गाय मुँह मार जाती है." हे कुरकुरत उठले. तिथून पुढच्या खाटेकडे गेले, मग त्याच्या पुढच्या. चहाचं नाव कुणी काढलं नाही. एका मोटरसायकलवाल्याला हे दरडावत होते ते मला स्वयंपाकघरात ऐकू आलं, "भिया, गाड़ी उधर लगाओ, पापड़ सूख रहे हैं." कारखान्यातला तो आवाज मी किती दिवसांनी ऐकला.

एका दुपारी अचानक वावटळ उठली. धूळ डोळ्यांत जाते न जाते तोच मी घाबरून बाहेर धावले. हे चौकाजवळच्या शेवटच्या खाटेपाशी, बायकांना हाका मारत, पापड टोपलीत भरत होते. काठी कुठं होती कोण जाणे. मी हात द्यायला पुढं झाले तशी माझ्यावरच ओरडले, "बघत काय उभी आहेस, ते टोक धर."

मी चादरीचं टोक धरलं. दुसरं त्यांच्या हातात. आम्ही चादर झटकली, ताणली. घडी घालायची तर दोघांपैकी एकानं चालत दुसऱ्याकडे जावं लागतं. मी पाऊल उचलणार, तेवढ्यात त्यांनी मानेनंच मला थांबवलं.

आणि ते माझ्याकडे चालत आले.