भिमाजीचं शमादान

भिमाजी शेलार साताऱ्याकडून कासारवाडीच्या चाळीत राहायला आला, त्याला दोन वर्षं होऊन गेली. तेवढ्या काळात त्याच्या खोलीचा उंबरा ओलांडणारा पाहुणा एकच, घरमालकाचं मांजर. आणि तेही इथे दूध मिळत नाही हे कळल्यावर येईनासं झालं. माणूस वाईट नव्हता. पिंपरीला पेनिसिलीनचा नवा कारखाना निघाला होता, तिथे तो नळ जोडायचं काम करी. बायको जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. बोलायला तोंड उघडेपर्यंत समोरचा उठून गेलेला असायचा, एवढाच काय तो त्याचा दोष.

शेजारच्या सोपानरावांनी चावीचा ग्रामोफोन आणला, तेव्हा अख्खी चाळ त्यांच्या खोलीत लोटली. भिमाजीही दाराशी उभा राहून दोन तबकड्या ऐकून आला. येताना एक गोष्ट त्याच्या मनाने पक्की धरली. माणसं माणसाकडे येत नाहीत, वस्तू बघायला येतात. तेव्हा आपल्याकडेही बघण्यासारखी एक वस्तू पाहिजे.

पुढच्या सुट्टीला तो खडकी बाजारात गेला. साहेब लोक गेले, तरी त्यांच्या बंगल्यांतलं सामान तिथे अजून विकायला होतं. एका दुकानात पितळी शमादानं, म्हणजे मेणबत्ती उभी करायच्या बैठका, ओळीने मांडलेली. भिमाजीने मुलगी बघायला गेल्यासारखी ती बघितली. एक उंचेलं होतं, पण टिचकी मारली की डुलायचं. दुसऱ्याला तीन फांद्या होत्या, पण त्याचा थाट बघून भिमाजीलाच संकोच वाटला. शेवटी बुडाशी जड आणि ओघळ झेलायला पसरट वाटी असलेलं एक त्याने उचललं. दुकानदार म्हणाला, ही जोडी आहे, फोडू नका. भिमाजी म्हणाला, एकट्याला एक पुरे.

घरी येऊन चिंच आणि राखेने त्याने ते तोंड दिसेस्तोवर घासलं; आणि दिसलेलं तोंड पाहून वाटलं, थोडं कमी घासलं असतं तरी चाललं असतं. खाच मोठी, मेणबत्ती बारीक, म्हणून तिला कागदाची पट्टी गुंडाळली. पहिल्या दिवशी वारा लागून मेण जमिनीवर ओघळलं, ते सुरीने खरवडता खरवडता सकाळ गेली. तेव्हा त्याने युक्ती काढली. ताटात तांदळाचं पीठ पसरलं आणि त्यात शमादान ठेवलं. थेंब पिठात पडले की अलगद उचलता येत. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन, दिवेलागणीला दार सताड उघडून, ते ताट खोलीच्या मधोमध मांडून तो गुडघ्यांत मान घालून पाहुण्यांची वाट बघत बसला.

घरमालकीण शालनबाई पाण्याची घागर घेऊन चालली होती. तिने आत पाहिलं आणि घागर तिथेच टेकली. माणूस गेलं की पीठ पसरून त्यात एका वातीचा दिवा लावतात, हे तिच्याकडच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. इथे पीठ होतं, एकच ज्योत होती आणि शेजारी मान खाली घातलेला माणूस होता.

बघता बघता चाळ जमली. सोपानरावांनी ग्रामोफोन बंद केला. बायका भिंतीशी बसल्या, कोणी भिमाजीच्या पाठीवर हात ठेवला. भिमाजीला गहिवरून आलं. एवढं कौतुक एका शमादानाचं होईल असं त्याला वाटलं नव्हतं. फक्त शमादानाकडे कोणीच बघेना, सगळे भिमाजीकडेच बघत होते. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून शालनबाई भगुन्यात पिठलं आणि वर भाकरी घेऊन आली आणि त्याच्यापुढे बसली.

"कोण गेलं, भिमाजीभाऊ?"

भिमाजीने पिठाकडे पाहिलं, ज्योतीकडे पाहिलं, आणि त्याच्या ध्यानात आलं. क्षणभर वाटलं, गावाकडच्या कोणाचं तरी नाव ठोकून द्यावं. माणसं आणखी घटकाभर बसतील, उद्याही येतील. पण आई नाही, बाप नाही, बायको नाही, भाऊ तर नव्हताच. मारायलासुद्धा एक माणूस शिल्लक नव्हतं.

"कोण न्हाई," तो म्हणाला. "मेण सांडू नये म्हणून पीठ ठेवलंय."

कोणीतरी पदरात हसलं. मग सगळेच उठले. "राव, तिन्हीसांजेला लोकांचा जीव घेता का?" म्हणत सोपानराव गेले, आणि थोड्याच वेळात भिंतीपलीकडे ग्रामोफोन पुन्हा गाऊ लागला. शालनबाईने आधी ते पीठ उचलायला लावलं, मग त्याला यथासांग झापलं. भिमाजीने भगुनं परत तिच्यापुढे सरकवलं.

"मयताच्या घरी नेलेलं परत घरात घेत्यात व्हय?"

"पण मयत न्हाई ना, ताई."

"त्ये माझ्या चुलीला काय ठावं? खावा. भगुनं उद्या आणून द्या."

पिठलं गार झालं होतं. भिमाजीने ते शमादानाच्या उजेडात पुसून खाल्लं आणि भगुनं चिंचेने लखलखीत केलं. मग आठवलं, दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करायचं नसतं. डबे धुंडाळले तर एक गुळाचा खडा आणि मूठभर शेंगदाणे निघाले. ते त्याने भगुन्यात घातले, काढले, पुन्हा घातले. मग आपल्याच खोलीच्या बंद दारासमोर उभं राहून हळूच म्हणून पाहिलं, "ताई, भगुनं आणलंय."

त्यापुढे काय बोलायचं, ते काही केल्या सुचेना.